ही धून कुणाकडची?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यात मिलटाउन मॅलबे नावाचं गाव आहे. वस्ती हजाराच्या आतबाहेर. जुलैचा पहिला आठवडा उजाडला, की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. शाळेचे वर्ग, हॉटेलांच्या मागच्या खोल्या, लोकांच्या घरातल्या बैठका, मिळेल तिथे सकाळी दहाच्या सुमारास शिकवणी सुरू होते. कुठे फिडल, कुठे बासरी, कुठे इलन पाईप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललं, तर चार वेगवेगळ्या धुनांचे तुकडे कानावर पडतात आणि त्यातला प्रत्येक तुकडा अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असतो. ‘विली क्लॅन्सी समर स्कूल’ हे या सगळ्याचं रीतसर नाव. वादक मंडळी नुसतं ‘विली वीक’ म्हणतात. १९७३च्या जानेवारीत इथला पाईपवादक विली क्लॅन्सी गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याच्या नावानं ही शाळा भरली. तेव्हापासून ती चालू आहे.

मी तिथे कॉन्सर्टिनाच्या वर्गाला गेले होते. हे वाद्य माझ्या आयुष्यात आलं शिकागोत. मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या जवळ लहानपण गेलेलं, घरात आत्याची पेटी, आणि आषाढी-कार्तिकीला भजनी मंडळात साथीला बसणं ठरलेलं. नोकरीनिमित्त शिकागोला आल्यावर पेटी सुटली. एका रविवारी एका आयरिश पबमध्ये दुपारच्या सेशनला मैत्रिणीनं नेलं. तिथे कोपऱ्यात बसलेल्या एक साठीच्या बाई दोन्ही तळहातांत मावेल एवढं षटकोनी वाद्य वाजवत होत्या. आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं, की आत पितळी किंवा पोलादी पट्ट्या आहेत आणि त्या हवेनं थरथरताहेत. पेटीचाच सूर, पण जास्त टोकदार, दम धरून बसलेला. वाजवून झाल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, तर त्यांनी वाद्य सरळ माझ्या हातात दिलं. त्या क्लेअरच्या होत्या, विशीत अमेरिकेत आलेल्या. पुढे त्याच माझ्या शिक्षिका झाल्या.

पेटीवाल्याला कॉन्सर्टिना पहिल्यांदा चकवते. आपल्याकडे भात्याचं काम हवा पुरवण्याचं, सूर ठरतो पट्टीवर. इथे भाता दाबताना एक सूर निघतो आणि तेच बटण धरून भाता ओढला की दुसराच. क्लेअरमध्ये वाजते ती अँग्लो जातीची कॉन्सर्टिना, साधारण तीस बटणांची. म्हणजे बोटांबरोबर हातांची दिशाही लक्षात ठेवायची. सुरुवातीला ही अडचणच वाटते. मग हळूहळू ध्यानात येतं, की ही दाब-ओढच त्या संगीताला उचल देते. प्रत्येक वळणावर भाता उलटतो, तिथे सूर आपोआप जरासा तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच नाचणाऱ्याच्या पायाला ठेका मिळतो. हे संगीत मुळात नाचासाठी जन्मलेलं. रील, जिग, हॉर्नपाइप ही नावंच मुळी नाचांची आहेत.

शिकवण्याची रीत साधी. शिक्षिका आधी अख्खी धून वाजवत. ती फार तर मिनिटाभराची. दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा. मग पहिला तुकडा सावकाश, चार-पाच सुरांचा. तो माझ्या हातून निघाला की पुढचा, मग दोन्ही जोडून. नोटेशनचा कागद नाही. ध्वनिमुद्रण करायला मात्र त्यांची ना नव्हती. आणि धून सुरू करण्याआधी एक वाक्य कधी चुकायचं नाही : ही कुणाकडची. ‘ही मला अमक्या म्हाताऱ्यानं दिली, त्यानं ती त्याच्या मावशीकडून घेतली होती, ती किलरशच्या बाजूची.’ पुष्कळदा धुनेचं नाव त्यांनाही ठाऊक नसे, पण कुणाकडची हे ठाऊक असायचंच. एकदा मी विचारलं, की एवढं सगळं सांगायची गरज काय? त्या म्हणाल्या, ‘अगं, धून काय पुस्तकातही मिळेल. ती कुणी कशी वाजवली, हे पुस्तकात कुठून मिळणार?’

मिलटाउनला गेल्यावर या वाक्याचा अर्थ मला नीट उमगला. विली क्लॅन्सीचंच बघा. त्याचे वडील गिल्बर्ट बासरी आणि कॉन्सर्टिना वाजवायचे. त्यांनी तरुणपणी गॅरेट बॅरी नावाच्या आंधळ्या पाईपवादकाला जवळून ऐकलं होतं. बॅरी १८९९मध्ये वारला, विली जन्मला १९१८मध्ये. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. तरी बॅरीच्या धुना विलीच्या हातात उतरल्या, त्या बापाच्या तोंडून आणि बासरीतून. पुढे जॉनी डोरन हा भटक्या समाजातला पाईपवादक क्लेअरमधून फिरत आला. त्याला ऐकून विलीनं पाईप्स हातात घेतले. डब्लिनला जाऊन लिओ राउसमकडून धडे घेतले. पोटापाण्यासाठी तो सुतारकाम करायचा, आणि काम शोधत १९५०च्या दशकात लंडनलाही गेला. त्याच लंडनमध्ये त्याच्याच गावाजवळचा फिडलवादक बॉबी केसीही होता. बॉबी तिथेच राहिला, विली गावी परतला. क्लेअरचं संगीत त्या वर्षांत लंडनच्या पबांमधूनही तेवढ्याच जोमानं वाजत होतं.

देशाबाहेर पडलेल्या माणसांनी हे संगीत जपलं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. त्यांनी ते बदललंही, आणि बदललेलं परत पाठवलं. शिकागोत राहताना याचा मागोवा घेणं मला सोपं गेलं, कारण त्यातला सगळ्यात मोठा माणूस त्याच शहरातला. फ्रान्सिस ओनील. कॉर्क परगण्यात जन्मलेला, जहाजांवर काम करत जग फिरलेला, शेवटी शिकागोच्या पोलीस खात्यात शिरलेला. १९०१मध्ये तो त्या खात्याचा प्रमुख झाला. आयर्लंडच्या कानाकोपऱ्यातून आलेले स्थलांतरित शिकागोत एकाच वेळी भेटत. देशभरच्या धुना एका जागी गोळा करणं गावी राहून कुणालाच जमलं नसतं, ते त्याला तिथे जमलं. ओनीलला शेकडो धुना पाठ होत्या, पण स्वरलेखन करायचा त्याच्याच खात्यातला जेम्स ओनील. एकानं वाजवून दाखवायचं, दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. १९०३मध्ये त्यांचा संग्रह निघाला, त्यात १८५० धुना होत्या. १९०७मध्ये १००१ नाचाच्या धुनांचा दुसरा. आयर्लंडमधले वादक पुढे या दुसऱ्या संग्रहाला नुसतं ‘द बुक’ म्हणू लागले. शिकागोत छापलेलं पुस्तक क्लेअर, केरी, स्लायगोच्या घरांत ‘आपलं’ पुस्तक झालं.

दुसरी गोष्ट मायकल कोलमनची. स्लायगोचा फिडलवादक, १९१४मध्ये अमेरिकेत गेलेला. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ७८च्या तबकड्या निघाल्या. नातलगांनी त्या गावी पाठवल्या, आणि ज्या घरात ग्रामोफोन होता तिथे अख्खं गाव जमलं. त्याचा वेग, त्याची लफ्फेदार सजावट ऐकून देशभरच्या फिडलवादकांनी तीच वाट धरली. कित्येक ठिकाणच्या स्थानिक ढंगांवर याची सावली पडली. मी कोलमनच्या तबकड्या ऐकल्या आहेत, आणि खरखरीच्या आडूनही त्या ऐकताना श्वास रोखला जातो. तरीही एका माणसाचं वाजवणं सगळ्यांचं मोजमाप होऊन बसणं मला खटकतं. आजच्या स्पर्धांमध्ये हेच दिसतं. कोल्तस ही संस्था १९५१पासून फ्ला भरवते. त्या उत्सवातल्या स्पर्धांमुळे हजारो मुलं वाद्याला लागली, हे तिचं मोठं काम. पण स्पर्धेसाठी घोटलेली रील आणि स्वयंपाकघरात वाजलेली रील यात फरक पडतोच. माझ्या शिक्षिका सावकाश वाजवायच्या. मला तेच आवडतं.

कॉन्सर्टिनाची तर आणखी एक कहाणी आहे. क्लेअरमध्ये हे बायकांचं वाद्य मानलं जायचं. स्वस्त जर्मन बनावटीची कॉन्सर्टिना घरोघरी असायची, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलेली, म्हणजे भात्याला दमट हवा लागू नये. घरातल्या नाचाला तीच वाजायची. १९३५मध्ये सार्वजनिक नाचांना परवाना लागेल असा कायदा आला. धर्मगुरूंचा आणि पोलिसांचा रोख घरांतल्या नाचांवरही वळला. नाच परवाना असलेल्या मोठ्या हॉलमध्ये गेले. तिथे कॉन्सर्टिनाचा नाजूक आवाज कुठला पुरायला? वाद्यं माळ्यावर गेली. क्लेअरमधल्याच किलरशला पब चालवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी यांनी मात्र वाजवणं सोडलं नाही. १९५०च्या दशकात रेडिओनं त्यांचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. देशानं तेव्हा हे वाद्य पुन्हा ऐकलं. मिलटाउनच्या वर्गात त्यांच्या धुना मिसेस क्रॉटींच्या म्हणूनच शिकवल्या जातात.

आमच्या वर्गात बारा-पंधरा जण होतो. जपानहून आलेली एक मुलगी, फ्रान्समधल्या ब्रिटनीतले एक निवृत्त मास्तर, दोघं अमेरिकन, आणि बाकी सगळी क्लेअर-गॉलवेची पोरं, दहा ते सोळा वर्षांची. वयाप्रमाणे नव्हे, हाताच्या तयारीप्रमाणे वर्ग पाडतात, त्यामुळे माझ्या शेजारी सातवीतली मुलगी. शिकवणारे गृहस्थ हिवाळ्यात जर्मनी आणि जपानचे दौरे करतात, उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दोन शिबिरांत शिकवतात आणि जुलैचा हा आठवडा कधी सोडत नाहीत. मैफिलीचं मानधन, सीडी यांवर घर चालत नाही, शिकवणीवर चालतं. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. २०२०मध्ये शाळा भरलीच नाही, तेव्हा त्यांनी व्हिडिओवर शिकवलं. पलीकडचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे शिष्याबरोबर वाजवणंच बंद पडलं. आधी आपण वाजवायचं, मग गप्प बसून त्याचं ऐकायचं. ‘ते सगळ्यात कठीण गेलं,’ असं ते म्हणाले. हे संगीत एकत्र वाजवायचं असतं.

ते कसं, ते संध्याकाळी दिसतं. दुपारी व्याख्यानं आणि छोट्या मैफिली, मग रात्री उशिरापर्यंत पबांमधून सेशन. मंच नाही, माईक नाही. टेबलाभोवती वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोत्यांकडे पाठ गेली तरी चालते. सकाळी शिकवणारे गृहस्थ तिथे कोपऱ्यात येऊन बसले, आणि त्यांच्याशेजारी आमच्याच वर्गातला एक मुलगा. कुणीतरी धून सुरू करतं, ज्यांना येते ते दुसऱ्या ओळीला शिरतात, ज्यांना येत नाही ते मांडीवर हात ठेवून ऐकतात. येत नसताना चाचपडत वाजवणं हा तिथला सगळ्यात मोठा उद्धटपणा. दोन-तीन धुना एकमेकींना जोडून वाजतात, आणि एकीतून दुसरीत जाताना म्होरक्या नुसती भुवई वर करतो. संपलं की कुणी टाळ्यांची वाट बघत नाही. कुणीतरी हमखास विचारतं, ‘मधली ती कुणाकडची?’

या प्रश्नापुढे थोरामोठ्यांचीही सुटका नाही. त्या रात्री एका नावाजलेल्या फिडलवादकाला दारापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं हाच प्रश्न केला. त्यानं उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि म्हणाला, ‘त्याचा दुसरा भाग असा नव्हता.’ मग त्यानं तो ओठांनी गुणगुणून दाखवला. फिडलवादकानं गज खाली ठेवला, नीट ऐकलं, पुन्हा गुणगुणायला लावलं आणि तिथल्या तिथे वाजवून बघितलं. आजूबाजूचं सगळं टेबल तेवढा वेळ थांबलं होतं. त्यात मानापमान कुठे नव्हता.

आठवड्याच्या शेवटी शेवटी, मधल्या सुट्टीत, माझ्या शेजारच्या मुलीनं मला विचारलं, ‘तू शिकागोची ना? मग तू लिझ कॅरोलला प्रत्यक्ष ऐकलंयस?’ लिझ कॅरोल शिकागोत जन्मलेली, आयरिश आईबापांची मुलगी. १९७५मध्ये आयर्लंडला येऊन तिनं फिडलची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली, आणि पुढे स्वतःच्या शेकडो धुना बांधल्या. मी म्हटलं, हो, ऐकलंय. मुलीचे डोळे मोठे झाले. मग तिनं कॉन्सर्टिना काढली आणि ‘विसाहिकॉन ड्राइव्ह’ वाजवली. ती लिझची रील; नाव फिलाडेल्फियातल्या एका रस्त्याचं. मला ती येत नव्हती. एवढी वर्षं त्या शहरात राहून ती माझ्या हातात आली नव्हती.

‘शिकवू?’ मुलगी म्हणाली. आणि माझ्या शिक्षिकांच्या पद्धतीनंच सुरू झाली : आधी अख्खी वाजवली, मग पहिला तुकडा. पण त्याआधी तिनं सांगितलं, ही मी माझ्या बहिणीकडून घेतली, तिनं ती डब्लिनच्या एका मुलीकडून, आणि ती मुलगी अमेरिकेतल्या शिबिरात लिझकडूनच शिकून आली होती. वर्ग पुन्हा भरेपर्यंत माझा पहिला भाग बसला. दुसऱ्या भागात एक सूर भाता ओढून येतो, मी तो दाबून घेत होते. तिनं माझं मनगट धरून दिशा बदलली आणि म्हणाली, पुन्हा एकदा घे, सावकाश.