छंद आणि शेजार

बेंगळुरू हे विमानांचे शहर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली येथे विमानांचा कारखाना उभारला आणि 1951 साली त्याच कारखान्यातून, विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले एच.टी.-2 हे प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. अशा गावात एखाद्या शाळकरी मुलाला बाल्साच्या हलक्या लाकडाचे विमान करावेसे वाटले, तर नवल ते काय? पुढे तो मुलगा मोठा होतो, नोकरीस लागतो, जयनगरात बिऱ्हाड करतो. छंद मात्र सुटत नाही. हातातल्या दोरीची जागा रेडिओ घेतो, विमानाच्या नाकाशी पेट्रोलचे इंजिन बसते, आणि शेजारधर्माची कसोटी सुरू होते.

जयनगर ही 1948 साली आखलेली, वृक्षांची आणि उद्यानांची वसाहत. शाळा जागोजागी, आणि 9व्या ब्लॉकला तर जयदेव हृद्रोग संस्थेसारखे मोठे रुग्णालय. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची आणि रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात 50 डेसिबलची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा सरासरीची आहे. पण दुपारी नुकताच डोळा लागलेल्या आजीबाईंना सरासरीचे काय?

ब्रिटनमध्ये 1982 साली अशा विमानांसाठी आचारसंहिता झाली. 7 मीटर अंतरावर 82 डेसिबलहून अधिक आवाज नसावा, असा तिचा दंडक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. या हिशेबाने 82 चे 55 होण्यास 160 मीटरांच्या आसपास अंतर लागते, आणि विमान काही एका जागी थांबत नाही. चारी बाजूंनी एवढी मोकळीक देणारे मैदान जयनगरात नाही. म्हणून छांदिष्टाला विमान गाडीत घालून शहराबाहेर जावे लागते. तेथेही आज माळ असतो, उद्या इमारती येतात. पहिली तक्रार आली की मैदान गेलेच म्हणून समजावे.

मग तो सायलेन्सरच्या मागे लागतो. मोठ्या डब्याचा, आत पडदे असलेला सायलेन्सर बसवतो, आणि परिणाम पाहून हिरमुसतो. आवाज उतरतो, पण अपेक्षेइतका नाही. याचे कारण डेसिबलच्या गणितात आहे. धुराड्याचे 80 आणि पंख्याचे 80 मिळून 160 होत नाहीत, 83 होतात. धुराड्याचे तोंड पूर्णपणे बंद केले, तरी पंख्याचे 80 उरतातच! एक आवाज दबला की त्याच्याआड लपलेला दुसरा ऐकू येऊ लागतो.

हा पंखाच खरा कलहप्रिय. 22 इंची पंखा मिनिटाला 7500 फेरे घेऊ लागला, की त्याच्या पात्यांची टोके ताशी 790 किलोमीटरच्या वेगाने हवा कापतात. टोकाचा हा वेग जसा चढतो, तसा आवाज त्याहून कितीतरी झपाट्याने चढतो. उपाय साधा आहे: पात्यांचा पीळ वाढवावा, किंवा दोनऐवजी तीन पाती घ्यावीत, आणि फेरे 6500 वर आणावेत. ओढ फारशी कमी होत नाही, मात्र टोके ताशी 690 किलोमीटरांच्या खाली येतात. कर्कश किंचाळीची घुमारदार गुणगुण होते. त्यानंतर इंजिनाखाली रबराच्या चकत्या घालाव्यात. नाहीतर ताणून बसवलेले पातळ आवरण ढोलकीच्या पुडीसारखे थरथरते आणि सारे विमानच वाजू लागते.

बॅटरीवरची मोटर हा सोपा मार्ग नाही का, असे आपण विचाराल. आहे; धुराडे तरी जाते. पण पंखा तिलाही लागतो, आणि पेट्रोलचे इंजिन हाताने जुळवण्यात ज्याचा जीव रमला, त्याला तो मार्ग पचत नाही. त्याला हट्टी म्हणावे, पण दोष देऊ नये.

खरा पेच वेळेचा आहे. पहाटे वारा निजलेला असतो; विमान उडवायला याहून चांगली घटका नाही. परंतु त्याच वेळी जमिनीलगत गार आणि वर उबदार हवेचा थर असतो. तो आवाजाला वर जाऊ देत नाही, खाली वाकवतो आणि दूरच्या खिडक्यांपर्यंत पोहोचवतो. म्हणून जाणता छांदिष्ट ऊन थोडे तापेपर्यंत थांबतो आणि वाऱ्याशी झुंजणे पत्करतो. वाऱ्याची दिशाही तो पाहतो. पावसाळ्यात येथे वारा पश्चिमेचा, हिवाळ्यात पूर्वेचा. वस्ती वाऱ्याच्या उगमाकडे राहील, अशी जागा तो ऋतूप्रमाणे निवडतो. विमान वर चढले की इंजिनाचा जोर अर्ध्यावर आणतो आणि घिरट्या घराच्या छपरांपासून दूर ठेवतो.

आणि उड्डाणाआधी एक काम कधी चुकवत नाही. मित्राला इंजिनापासून 7 पावले नव्हे, फितीने मोजून 7 मीटर दूर उभे करतो, त्याच्या हाती आवाजमापक देतो, आणि प्रत्येक पंख्यापुढचा आकडा वहीत उतरवून घेतो.