परदेशची स्वस्ताई

स्वस्ताईचा मोह हा मनुष्यस्वभावाचा जुना दोष आहे. परंतु स्वस्त मिळणारी वस्तु परदेशची असली म्हणजे त्या दोषालाहि एक प्रकारची प्रतिष्ठा येते. मंडईंत कोथिंबिरीच्या जुडीसाठीं दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा सद्गृहस्थ सात समुद्रांपलीकडच्या दुकानदारानें पडद्यावर लिहिलेली किंमत मात्र निमूटपणें मान्य करतो. त्या दुकानदाराचें तोंड त्यानें पाहिलेलें नसतें, माल हातांत घेतलेला नसतो, आणि उद्यां कांहीं बिनसलें तर कोणाच्या दारांत जाऊन उभें राहावयाचें हेंहि त्याला ठाऊक नसतें. तरीसुद्धां 'अमेरिकेहून मागविलें' असें सांगतांना त्याच्या स्वरांत जो अभिमान उतरतो, तो कोथिंबिरीविषयीं बोलतांना कधीं आढळत नाहीं.

बँकेच्या हिशेब खात्यांत माझीं तेहतीस वर्षें गेलीं. त्यामुळें कोणतीहि किंमत दिसली कीं तिच्याखालीं अजून किती ओळी यावयाच्या आहेत, हें पाहण्याची मला खोड जडली आहे. मोटारींत बसविण्याची म्युझिक सिस्टिम घरबसल्या परदेशांतून मागविली तर त्या ओळी किती व कोणत्या येतात, हें आमच्या घरांतील एका प्रकरणावरून मला तपशीलवार पाहावयास मिळालें.

आमची मोटार २०१२ सालची. २०२१ च्या पावसाळ्यांत तिच्यांतील मूळच्या यंत्राचा पडदा काळा पडला. आवाज येई, पण कोणतें केंद्र लागलें आहे तें कळेना. माझ्या आईला या यंत्राचें विशेष अगत्य. तिचें वय त्या वेळीं चौऱ्याऐंशी. दृष्टि अधू झाल्यापासून वाचन सुटलें आणि सारी भिस्त कानांवर आली. महिन्यांतून एकदां आम्ही तिला वाईला, तिच्या माहेरच्या घरीं, नेत असूं. आणि खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत तिला आकाशवाणीचें पुणें केंद्र हवें असे. तें केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालें तेव्हां ती सोळा वर्षांची होती. तेव्हांपासूनचा हा परिचय. आमच्या चिरंजिवांपाशीं नोकरींतील पहिल्या वर्षाची शिल्लक होती, आणि तींतून पहिली मोठी वस्तु आजीसाठीं घ्यावयाची, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. हेतूबद्दल घरांत कोणाचेंच दुमत नव्हतें.

पुण्यांतील दुकानांत त्यांच्या मनांतील यंत्राची किंमत ३८,००० रुपये. त्याच कंपनीचें, दिसण्यांत अगदीं तसेंच यंत्र अमेरिकेंतील एका दुकानाच्या यादींत ३०० डॉलरला. डॉलर त्या वेळीं ७५ रुपयांच्या घरांत होता. म्हणजे २२,५०० रुपये.

"बाबा, साडेपंधरा हजार वांचतात," चिरंजीव म्हणाले.

"अमेरिकेंत वांचतात खरे. पुण्यास पोंचल्यावर किती उरतात तें पाहूं," मी म्हणालों.

तरुण माणसाच्या पहिल्या कमाईवर याहून अधिक भाष्य करणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. ऑर्डर त्याच रात्रीं गेली.

याच सुमारास न्यू जर्सीहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, माझ्या पत्त्यावर मागवा. मी 'भेटवस्तु' म्हणून पुढें पाठवितों आणि किंमत वीस डॉलर घालतों. कोणी उघडूनसुद्धां पाहत नाहीं." भाचा गुणी आहे, आणि जें तेथें दहाजण करतात तेंच तो सुचवीत होता. परंतु ज्या घरांत दुसऱ्याचा आणाहि खिशांत राहिला तर झोंप येत नसे, त्या घरांतील आजीच्या करमणुकीसाठीं खोटा कागद करावयाचा, हें मला रुचलें नाहीं. व्यवहार म्हणूनहि तें शहाणपणाचें नव्हतें. १२ डिसेंबर २०१९ च्या सरकारी सूचनेनें टपालानें किंवा कुरियरनें भेट म्हणून माल आणण्यास मनाई झाली. सवलत राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. १९६२ च्या कस्टम्स कायद्याप्रमाणें खोटी किंमत घातलेला माल जप्त होऊं शकतो. आणि समजा जप्त झाला नाहीं, नुसता वाटेंत हरवला, तर भरपाई मागावयाची कशाची? कागदावर वीस डॉलर लिहिले कीं तेवढ्याच मालाचे आपण धनी.

भाच्यानें स्वतः येतांना बॅगेंतून आणलें असतें तर गोष्ट निराळी होती. २०१६ च्या नियमांप्रमाणें भारतीय प्रवाशास ५०,००० रुपयांपर्यंतच्या मालावर जकात पडत नसे. पण मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती, आणि त्याचें येणें लांबणीवर पडलें होतें. म्हणून माल सरळ रस्त्यानें आला.

आतां त्या सरळ रस्त्याचा खर्च. पुष्कळांची समजूत असते कीं जकात वस्तूच्या किमतीवर बसते. तशी ती बसत नाहीं. वस्तूची किंमत, तिचें वाहतूकभाडें आणि विमा या तिहींच्या बेरजेवर ती बसते. म्हणजे कुरियरला दिलेल्या पैशांवरहि आपण कर देतों. आमच्या बाबतींत २२,५०० रुपये किंमत, ४,५०० भाडें आणि २५० विमा मिळून २७,२५० रुपये झाले. वैयक्तिक उपयोगासाठीं आलेल्या मालावर त्या वर्षीं मूळ जकात ३५ टक्के होती. ती झाली ९,५३८. त्या जकातीच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ९५४. आणि या साऱ्यांच्या बेरजेवर पुन्हां २८ टक्के एकात्मिक वस्तु व सेवा कर, तो १०,५६८. करावर कर चढत जाऊन शेवटीं शेंकडा ७७.२८ हा आंकडा निघतो, आणि आमची जकात २१,०५९ रुपये भरली. ती आम्हीं भरण्यापूर्वीं कुरियरनें भरली, म्हणून त्याचें ९०० रुपये शुल्क. बँकेनें परकीय चलनाच्या व्यवहाराबद्दल साडेतीन टक्के आणि त्यावर कर मिळून १,१२५ घेतले. एकंदर ५०,३३४. साडेपंधरा हजार वांचावयाचे, ते वांचले नाहींतच. वर बारा हजारांहून अधिक खड्डा पडला.

दर पुढें बदलले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांच्या वर्गांतील बहुतेक वस्तु १८ टक्क्यांवर आल्या, आणि मूळ जकातीचे आंकडेहि सरकार अर्थसंकल्पांतून हलवीत असतें. म्हणून माझे आंकडे कोणीं जसेच्या तसे उतरून घेऊं नयेत. बेरजेची रीत मात्र तीच आहे.

कुरियरनें ओळखीचे कागद मागितले, ते दिले. ब्लूटूथ असलेल्या यंत्राला आपल्या देशांत केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची मान्यता लागते, आणि त्या कागदावांचून पार्सलें अडून राहतात. आमच्याकडे तो मागितला गेला नाहीं, हें नशीब.

एवढें होऊन यंत्र घरीं आलें तेव्हां चिरंजिवांचा चेहरा उतरला होता, तरी त्यांची आशा सुटली नव्हती. पैसा गेला तर गेला, वस्तु तर उत्तम आहे, असें ते म्हणाले. वस्तु उत्तम होती यांत मलाहि शंका नाहीं. पण ती अमेरिकेसाठीं उत्तम होती.

लहान मोटारींची बॅटरी बहुतेक साऱ्या जगांत १२ व्होल्टची असते. अमेरिकेंतील मिक्सर आपल्या २३० व्होल्टवर जळून जाईल, तशी भीति मोटारीच्या यंत्राला नाहीं. आणि यामुळेंच माणूस फसतो. वीज जुळली म्हणजे सारें जुळलें असें त्याला वाटतें. आकारहि जुळला, कारण १७८ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच हें माप सर्वत्र चालतें. (टोयोटासारख्या कांहीं जपानी गाड्यांतील यंत्रें मात्र २०० मिलिमीटर रुंद असतात, तीं दुसऱ्या गाडींत बसवावयाचीं तर डॅशबोर्ड कापण्याचीच वेळ.) तारांचा जोड जुळला नाहीं. अमेरिकन दुकानाच्या यादींत आमच्या गाडीचें नांवच नव्हतें. तेव्हां नाना पेठेंतील कारागिरानें मूळचा प्लग कापून पिवळी तार बॅटरीला, तांबडी चावीला, काळी अर्थिंगला अशी एकेक करून जोडली. गाडी नवी असती तर या एका कात्रीनें तिच्या विजेच्या कामाची वॉरंटी धोक्यांत आली असती.

नंतर आईला पुढच्या सीटवर बसवून आम्हीं पुणें केंद्र लावावयास घेतलें, आणि तें लागेना.

कारण असें. अमेरिकेंत मध्यम लहरींचीं केंद्रें दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर बसविलेलीं आहेत, आपल्याकडे नऊ-नऊच्या. पुणें केंद्र होतें ७९२ वर. तें यंत्र ७९० वर थांबे, नाहींतर एकदम ८०० वर जाई. ७९० वर निवेदकाचा आवाज ऐकूं येई, पण पडसें झाल्यासारखा, चिरका आणि मधूनच फुटणारा. एफ. एम. चीहि तीच गत. अमेरिकेंतील केंद्रें १००.९, १०१.१, १०१.३ अशीं विषम दशांशांवर असतात. पुण्याची विविध भारती बरोबर १०१ वर, दोहोंच्या मध्यें. पुष्कळ यंत्रांत प्रदेश बदलण्याची सोय असते. या यंत्रांत ती नव्हती. त्याऐवजीं अमेरिकेंतील उपग्रह-रेडिओचें एक बटण होतें. तें दाबलें कीं पडदा वर्गणी भरावयास सांगे, ज्या सेवेचा भारताशीं कांहीं संबंध नाहीं तिची.

माझी एक चुलतबहीण ऑकलंडला असते. तिला ही हकिकत सांगितली तेव्हां ती हंसली. न्यूझीलंडमध्यें जपानहून आलेल्या जुन्या मोटारी अतोनात. जपानी एफ. एम. ची पट्टी ७६ वर सुरू होते आणि जुन्या यंत्रांत ९० ला संपते. तिकडचीं केंद्रें ८८ ते १०८. म्हणजे साऱ्या पट्टींतला दोन अंकांचा तुकडाच हातीं लागतो. त्यासाठीं 'बँड एक्स्पांडर' नांवाची एक डबी एरियलच्या वायरींत जोडून लोक भागवितात. यंत्रालाहि जन्मभूमि असते, हें तिच्या शेजाऱ्यांना आमच्या आधीं कळलें होतें.

एक गोष्ट मात्र माझ्या पत्नीस फार आवडली. अमेरिकेंत चालक डावीकडे बसतो, म्हणून आवाजाचा खुंटा यंत्राच्या डाव्या टोकाला. आमच्या गाडींत तो चालकापासून दूर आणि डाव्या सीटजवळ गेला. आवाज किती असावा याचा निर्णय यापुढें तिच्या हातीं.

अमेरिकेचा माल निदान सांगितल्याबरहुकूम तरी होता. चिनी दुकानांतून येणाऱ्या स्वस्त यंत्रांचें तेंहि सांगतां येत नाहीं. माझ्या एका स्नेह्याचे चिरंजीव '१००० वॅट'चा ॲम्प्लिफायर घेऊन आले होते. मीं उलटा करून त्याचा फ्यूज पाहिला. तो होता २० अँपियरचा. चालत्या गाडींत वीज १४ व्होल्टच्या आसपास. वीस गुणिलें १४, एवढें शाळेंतील गणित. २८० वॅट! यंत्रांत शिरणारी वीजच जर २८० वॅट, आणि तींतलाहि बराच भाग उष्णतेंत जाणार, तर हजार वॅट बाहेर यावयाचे कोठून? अशा वेळीं 'पीक' हा शब्द बारीक अक्षरांत शोधावा. अमेरिकेंत २००३ सालीं यासाठीं एक मानक ठरलें, १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्यापर्यंतची विकृति गृहीत धरून मोजलेले वॅटच त्याप्रमाणें छापावयाचे. तें ज्यावर नमूद नाहीं त्याचे वॅट म्हणजे लग्नपत्रिकेंतल्या पदव्या समजाव्या. शिवाय दुकान उद्यां राहील याचाहि नेम नसतो. २४ नोव्हेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें ४३ ॲप्स बंद केलीं, त्यांत अलीएक्स्प्रेसहि होतें. त्या आठवड्यांत ज्यांचे पैसे गेलेले आणि माल वाटेंत होता, त्यांनीं तक्रार कोणत्या खिडकींत नेली असेल?

आमच्या यंत्राचें पुढें असें झालें कीं चौथ्या महिन्यांत मागचा डावा स्पीकर मुका झाला. स्पीकर बदलून पाहिला. दोष यंत्रांतच होता. कंपनीच्या पुण्यांतील माणसानें सौजन्यानें कागद पाहिले आणि परत केले, कारण वॉरंटी फक्त अमेरिकेपुरती. तिकडे पाठवावें तर जातांना भाडें, येतांना भाडें, आणि परत येतांना जकातीचा प्रश्न पुन्हां उभा. आपल्या कायद्याच्या ७४ व्या कलमांत परत निर्यात केलेल्या मालावरची जकात ९८ टक्क्यांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. पण ती न वापरलेल्या मालाला पूर्ण लागू, आणि तिचे कागद व्यापाऱ्यांच्या दलालानें करावयाचे. एका यंत्रासाठीं कोण करणार? चिरंजिवांनीं तें पत्र लिहावयास घेतलें आणि अर्ध्यावर ठेवून दिलें. तो सारा दिवस ते कोणाशीं फारसें बोलले नाहींत. पैशाचें दुःख त्यांना होतें, परंतु आजीनें दर फेरीला "आज तरी लागेल का रे?" असें विचारावें आणि त्यांनीं "पाहतों" म्हणावें, याचें अधिक होतें.

मूळचें यंत्र माळ्यावर होतें. तें मी एका सकाळीं पिशवींत घालून त्याच कारागिराकडे घेऊन गेलों. पडद्याकडे जाणारी एक चपटी पट्टी झिजली होती. ती बदलून, कापलेला प्लग पुन्हां जोडून त्यानें १,६०० रुपये घेतले आणि चहा पाजला.

पुढच्या वाईच्या फेरींत कात्रजचा बोगदा ओलांडला आणि बातम्या स्वच्छ लागल्या. आई थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली. मग मागें वळून नातवाला म्हणाली, "अमेरिकेचें यंत्र सुधारलें म्हणावयाचें एकदांचें. केवढा खर्च केलास रे माझ्यासाठीं!"

"होय आजी," चिरंजीव म्हणाले, "आतां ठीक झालें आहे."

खोट्या कागदावरून भाच्याला चार गोष्टी सुनावणारा मी शेजारींच गाडी चालवीत होतों. पण मीं कांहीं दुरुस्ती सुचविली नाहीं.