पगारातले दोनशे रुपये

पुण्यात नोकरी लागल्यावर पहिली सॅलरी स्लिप मी आजीला मोबाईलवर वाचून दाखवली होती. कपातीत 'व्यवसाय कर : 200' असं होतं. "हे कशाचे?" तिनं विचारलं. "सरकार कापतं," एवढंच मला ठाऊक होतं.

हा कर 1975 च्या कायद्यानं आला, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी, हे फार उशिरा कळलं. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुरीचा भार उचलायचा. आजी 1972 च्या दुष्काळात अंबड तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर होती. तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून ती घरी आणायची. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं ही योजना राज्यभर गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

युरोपीय संघानं 2013 मध्ये 'युवा हमी' ठरवली : पंचविशीच्या आतल्या तरुणाला चार महिन्यांत नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षण. चौकट सगळ्यांची, राबवण्याची रीत ज्या त्या देशाची. आपल्याकडे उलटं घडलं. राज्याची कल्पना दिल्लीला गेली, 2005 मध्ये देशाचा कायदा झाला आणि बदलून परत आली. राज्याच्या कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ माणसाला होती, दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राच्या त्या कायद्यात हमी कुटुंबाला होती, वर्षाला 100 दिवसांची.

आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझं नाव हजेरीत येगळं व्हतं." आमच्या जॉबकार्डावर आई, बाबा, दादा, वहिनी अशी चार नावं आहेत. चौघं कामावर गेले तर शंभर दिवस पंचवीस दिवसांत संपायचे. आधी दादा आणि बाबा जायचे. वहिनीच्या वाट्याला उरेल ते.

पण महाराष्ट्रानं आपला जुना कायदा मोडीत काढला नाही, त्यात दुरुस्ती करून तो ठेवला. शंभराच्या पुढच्या दिवसांचा खर्च राज्यानं करायचा. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टीमचे नियम कोडमध्ये उतरवणाऱ्या मलाही नाही.

मागच्या सुट्टीत वहिनीनं एकशे एकाव्या दिवसापासूनच्या कामाची मागणी लेखी दिली. अर्ज मी लिहिला, सही तिनं केली. ग्रामपंचायतीतून परत आलो तर आजी ओट्यावरच बसलेली.

"तारखेसकट पोच घेतली का?"

मी वहिनीकडं पाहिलं. तिनं पर्स उघडली.