हवालदारांच्या घरातले सुभेदार

आमच्या शाळेत पहाटे शिट्टी वाजते आणि दहा मिनिटांत सगळे कॅडेट्स मैदानावर फॉल-इन होतात. मांजराला हे आयुष्यात जमणार नाही. मांजर शिट्टी ऐकतं, एक कान वळवतं आणि पुन्हा झोपतं. त्याला ऐकू येत नाही असं नाही. हा हुकूम आपल्यासाठी नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

हे मी अनुभवाने सांगतो, कारण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी दोन मांजरं आहेत. बोक्याचं नाव सुभेदार आणि मांजरीचं नाव चिंगी. सुभेदार अंगाने पांढरा आहे, पण नाकाखाली दोन्ही बाजूंना काळे पट्टे असल्यामुळे त्याला झुपकेदार मिशा आहेत असंच वाटतं. नाव बाबांनी ठेवलं. बाबा स्वतः सैन्यात हवालदार आहेत. त्यामुळे सुट्टीवर आले की ते सामान उंबऱ्यापाशी ठेवतात, बोक्यासमोर सावधान उभे राहतात आणि कडक सॅल्यूट मारून म्हणतात, "राम राम साहब! हवालदार छुट्टी पर हाजिर है." साहेब जांभई देतात आणि कूस बदलतात.

चिंगी तीन रंगांची आहे. पांढरी, काळी आणि तांबूस. असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण काळ्या-तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही रंग एकत्र दिसायला दोन एक्स लागतात. दहावीच्या वर्गात आनुवंशिकता शिकताना मला हे पटकन समजलं, कारण उदाहरण घरीच होतं. चिंगीची खोड अशी की घरभर जागा असली तरी ती नेमकी आजीच्या उघड्या पोथीवर बसते. तेही ज्या ओळीवर आजीचं बोट असेल त्या ओळीवर. आजी तिला हाकलत नाही. "ऐकू दे तिलाबी," म्हणते आणि शेपटी बाजूला करून पुढे वाचते.

सुभेदारांचं सगळं लक्ष शिंक्यावर. आमच्याकडे फ्रिज आला तरी आजीचं दूध अजून शिंक्यातच असतं. 'शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं पटलं' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण आजीचं शिंकं कधी तुटत नाही, त्यामुळे बोक्याचं अजून पटलेलं नाही. तो फडताळावर चढतो, अंदाज घेतो, झेप घेतो आणि खाली पडतो. पडताना मात्र हवेतल्या हवेत वळून बरोबर चार पायांवर येतो. हे कसं होतं ते पाहण्यासाठी मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 मध्ये पडणाऱ्या मांजराची ओळीने छायाचित्रं घेतली होती. मांजर शरीराचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा वळवतं, हे त्यांत दिसतं. पण त्यानंतर सुभेदार जे करतो ते त्या छायाचित्रांत नसावं. तो लगेच खाली बसून पंजा चाटायला लागतो. जणू पडलोच नाही, उतरलो.

एकदा आईने त्याला कंदी पेढा दिला. त्याने हुंगला आणि निघून गेला. मांजरांच्या जिभेला गोड चवच कळत नाही, हे मी नंतर वाचलं. आजीला ते पटलं नाही. "ह्यो साताऱ्याचा न्हाईच," असा तिने निकाल दिला.

आणखी एक गोष्ट मी वाचली. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत. ती म्यांव करतात ते बहुतेक माणसांशी. आमच्या सुभेदाराचं आईसाठी लांबलचक म्यांव आहे आणि आजीसाठी तुटक. आमच्या घरात मात्र उलटंही घडलं आहे. आम्हीच एकमेकांशी मांजरांमधून बोलतो.

हॉस्टेलमध्ये रविवारी घरी फोन करायला दहा मिनिटं मिळतात. "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवलास का?" "जेवलो." एवढ्यात एक मिनिट संपतं. मग दोन्हीकडे शांतता. अशा वेळी आई म्हणते, "अरे, काल सुभेदाराने काय केलं माहितीये?" आणि उरलेली नऊ मिनिटं कशी जातात ते कळत नाही. तिकडे चौकीवर बाबांनाही ती हेच सांगते.

गेल्या दिवाळीत बाबांची आणि माझी सुट्टी एकदमच आली होती. बाबा निघाले त्या दिवशी आजीने दोन्ही मांजरं आतल्या खोलीत कोंडली आणि कडी लावली. निघताना मांजर आडवं जायला नको. बाबांना उत्तरेला, बर्फातल्या चौकीवर जायचं होतं. सगळे अंगणात आलो, बाबा आजीच्या पाया पडले, पिशवी खांद्याला लावली, आणि कौलांवरून उतरून सुभेदार सावकाश त्यांच्या समोरून गेला. शेपटी वर करून. कोणी काही बोललं नाही. आईने आजीकडे पाहिलं. बाबांनी मात्र टाच जुळवली, सॅल्यूट मारला आणि म्हणाले, "साहेब इन्स्पेक्शनला आले होते." मग ते गेले.

जानेवारीत बाबांचा फोन यायचा थांबला. तिकडे खूप बर्फ पडलं होतं. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा. रविवारी मी आईला विचारलं, "सुभेदार काय म्हणतोय?" ती म्हणाली, "जेवत नाही रे तो." मग आजीने फोन घेतला. मी तिलाही तेच विचारलं. आजी म्हणाली, "बोका दोन वक्ताला खातोय. जेवत न्हाई ती तुझी आई."

आजीने सुभेदाराला गोठ्यात ठेवलं होतं. त्याच्याशी ती बोलत नव्हती. मी लायब्ररीत वाचलेली सायमनची गोष्ट तिला सांगितली. सायमन हा ब्रिटिशांच्या 'अमेथिस्ट' या युद्धनौकेवरचा बोका. 1949 मध्ये चीनमधल्या यांगत्से नदीत नौकेवर तोफगोळे पडले, तेव्हा तो जखमी झाला. तरीही बरा होताच त्याने उंदीर मारून खलाशांचं धान्य वाचवलं. त्याला डिकिन पदक देण्यात आलं. युद्धात कामगिरी करणाऱ्या प्राण्यांचं हे पदक मिळालेलं ते एकमेव मांजर. मी म्हणालो, "आजी, अपशकुनी प्राण्याला कोणी पदक देतं का?" आजीने थोडा विचार केला आणि विचारलं, "पर त्यो कुणाला आडवा गेला हुता का?" यावर मला उत्तर देता आलं नाही. पण मागे आईच्या हसण्याचा आवाज आला. थोडाच, पण आला.

बाबांचा फोन बाराव्या दिवशी आला. त्यांनी पहिल्या मिनिटात "मी ठीक आहे" म्हटलं आणि दुसऱ्या मिनिटात विचारलं, "साहेब कसे आहेत?" आजीने त्याच संध्याकाळी सुकट आणवली. साहेबांची बदली गोठ्यातून पुन्हा सोप्यात झाली. आई जेवली, हे मला न विचारताच सांगण्यात आलं.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर मी शाळेत परत निघालो, तेव्हा सुभेदार माझ्या उघड्या ट्रंकेत, इस्त्री केलेल्या युनिफॉर्मवर झोपला होता. मांजराला पेटी दिसली की त्यात बसल्याशिवाय राहवत नाही. त्याला दोनदा उचलून बाहेर ठेवलं, तो दोनदा आत आला. या वेळी आजीने खोलीची कडी लावली नाही. मी अंगणात उतरलो आणि सुभेदार माझ्यासमोरून फाटकापर्यंत जाऊन आला. मी आजीकडे पाहिलं. "बघतोस काय? आडवा न्हाई गेला त्यो. वाट बघून आलाय. जा आता," ती म्हणाली.

शाळेत पहिल्याच टर्नआउटला उस्ताद माझ्यासमोर थांबले. त्यांनी माझ्या बाहीवरून एक पांढरा केस उचलला आणि विचारलं, "ये किसका है?"

मी सावधान उभा राहून खरं तेच सांगितलं, "सुभेदार साहब का, उस्ताद!"

उस्तादांनी केस उन्हात धरून नीट पाहिला. "कौन सी यूनिट के?"

मागची पूर्ण रांग हसली, आणि मला मैदानाला दोन चकरा मिळाल्या. त्या रविवारी पहिल्यांदाच मांजराची बातमी माझ्याकडून घरी गेली. आईने ती फोन ठेवल्यावर लगेच बाबांना कळवली.