ओल्या पाइपचा सांधा

अकोल्यात महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी रोज येत नाही. टाकीतला थेंबही वाया गेला की जीव तुटतो. त्यात पाइपचा नवा सांधा आठवडाभरात गळू लागला, भिंतीनं ओल धरली. प्लंबर फोन उचलेना. संतापून मी २०१९चा ग्राहक कायदा आणि त्याचे नियम वाचले: तक्रारीला २ वर्षं मुदत, ५ लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. तरी आधी त्याच्या घरी गेले, भिंतीचा फोटो दाखवला.

"ताई, घाईत ओल्याच पायपाले सोल्युशन लावलं. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पाइप कोरडा पुसला, सोल्युशन लावून सांधा घट्ट धरून ठेवला, सुकेस्तोवर पाणी सोडू दिलं नाही. मजुरी घेतली नाही. त्याची कबुली मला पैशांहून मोलाची वाटली. पावती मात्र या वेळी लिहून घेतली. तुम्हीही घ्या.