मिडल-अर्थचा नकाशा : बापाचा कागद, लेकाचा हात

कल्पित जगाच्या नकाशाला इतिहास असतो का? माझ्या मते असतो, आणि तो खऱ्या नकाशांच्या इतिहासाइतकाच खाडाखोडीने भरलेला असतो. आज जे. आर. आर. टॉल्किन यांच्या मिडल-अर्थकडे त्या नजरेने पाहू.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना आपण आधी नकाशा मांडला आणि मग कथा त्यात बसवली, असे टॉल्किन यांनी १९५४ मध्ये एका पत्रात नोंदवले आहे. लेखकाची ही साक्ष. आता पुरावा पाहा. त्यांचा कामाचा नकाशा म्हणजे एकमेकांना चिकटवलेले, चौकटी आखलेले कागद. एका चौकटीची बाजू शंभर मैल. कथेने वळण बदलले की तेवढ्या भागावर नवा तुकडा डकवायचा आणि त्यावर पुन्हा आखायचे. काही ठिकाणी असे थर साचले आहेत. म्हणजे नकाशाने कथेला जितके वळवले, जवळजवळ तितकेच कथेने नकाशालाही वळवले. मोडी कागदांत एकाच पानावर दोन-तीन हातांची अक्षरे शोधण्यात माझे दिवस जातात. या नकाशाचे छायाचित्र पाहताना मला परके वाटले नाही.

छपाईची वेळ आली तेव्हा मात्र टॉल्किन अडले. हा गुंतागुंतीचा कागद वाचकाच्या हाती देण्याजोगा करणे त्यांना जमेना. अखेर मुलगा ख्रिस्तोफर पुढे आला आणि १९५४ च्या पहिल्या खंडातील नकाशा त्याने रेखाटला.

खरी कसोटी १९५५ मध्ये लागली. तिसऱ्या खंडासाठी गोंडोर आणि मॉर्डोरचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा हवा होता. मूळ आकृती पाचपट वाढवली आणि लहान नकाशात लपलेल्या विसंगती उघड्या पडल्या. अंतर चुकले की दिवस चुकतो. एकीकडे फ्रोडो आणि सॅम पायी चालले आहेत, दुसरीकडे सैन्ये कूच करत आहेत. दोन्हीकडच्या तारखा जुळायला हव्यात, इतकेच नव्हे तर दोघांना दिसणारा चंद्रही एकाच कलेचा हवा. टॉल्किन यांनी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात या नकाशाविषयी अक्षरशः त्रागा केला आहे. पुन्हा ख्रिस्तोफरच बसला, आणि सलग चोवीस तास न झोपता त्याने काम पुरे केले. नकाशावर नाव म्हणून काय, तर कोपऱ्यातली आद्याक्षरे! (दफ्तरातल्या कारकुनांच्या वाट्याला तेवढीही येत नाहीत.)

पुढे चित्रकार पॉलीन बेन्स हिने १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला भिंतीवरचा नकाशा केला. त्यासाठी टॉल्किन यांनी छापील नकाशावरच तिला टिपणे करून दिली : हॉबिटन साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, मिनास तिरिथ इटलीतील राव्हेन्नाच्या. तो कागद २०१५ मध्ये बेन्सच्या जुन्या प्रतीत सापडला आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने तो घेतला.

टॉल्किन १९७३ मध्ये वारले. ‘अनफिनिश्ड टेल्स’साठी ख्रिस्तोफरने १९८० मध्ये नकाशा नव्याने काढला, तेव्हा वडिलांची सारी टिपणे त्याच्या हाताशी होती. आपले जुने काम घाईचे होते आणि त्यात दोष आहेत, हे त्याने स्पष्ट लिहिले; वडिलांनी स्वतःचा नकाशा कधी केला नाही याची खंतही. तरीही त्याने तो बदलला नाही. कारण वडीलही पुढे याच नकाशावरून काम करत राहिले होते. दोषांसकट तो आता प्रमाण झाला होता.

मला हा निर्णय योग्य वाटतो. दुरुस्त नकाशा अधिक नीटस झाला असता, पण त्याच्या आधारे लिहिलेले सारे लिखाण निराधार झाले असते. म्हणून ख्रिस्तोफरने अक्षरलेखन सुधारले, लोंड डाएर, एडेलॉन्ड अशी नवी नावे भरली. किनारा मात्र १९५४ चाच राहिला.