ओळ कुठे तोडायची

भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्याला ती आधी मोठ्याने म्हणून पाहावी लागते. ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ म्हणताना श्वास ‘पर’पाशी थांबतो, म्हणून ओळही तिथेच तोडायची. जागा संपली म्हणून ‘नहीं’ एकटंच खाली उतरलं, तर वरची ओळ नेमकं उलटं सांगू लागते.

ही घोषणा नर्मदाकाठची. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीला 1991 पासून नर्मदा बचाव आंदोलनाचे पावसाळी सत्याग्रह झाले. डोंगरातल्या कुडाच्या भिंतीवर ब्रश सरळ ओढता येत नाही. तिथे अक्षर कापडावरच खुलतं.

खाली सपाटीवर, तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशासारख्या गावात, भिंत मिळते. हा शहादा तालुका. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथींनी 1972 मध्ये इथेच श्रमिक संघटना उभी केली, आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवायला.

सामान थोडं लागतं: गेरू, चुना, रंग हाताला लागू नये म्हणून डिंक. निळीत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मधून झटका द्यायचा, शिरोरेषा मिळते. नवशिका ही रेघ वळचणीला चिकटून मारतो, मग वेलांटी आणि रफार यांना जागाच उरत नाही. वर मात्रांची, खाली उकारांची जागा सोडून उरेल ती अक्षराची उंची.

आता फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो. पण रात्री चार जण मिळून भिंत लिहितात, तेव्हा शब्दांवर वाद होतो, आणि मागणी त्या वादातच पक्की होते. हे दुकानात होत नाही, आणि हे गमावणं मोठं नुकसान आहे.

प्रकाशाला तापीवर बॅरेज आहे. पाणी अडतं, पण काठावरच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. ‘बंद उपसा सिंचन योजना तात्काळ सुरू करा’ हे निवेदनात शोभतं. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला ते पुरतं वाचता येत नाही. जाणता लिहिणारा ‘तापीचं पाणी’ एका ओळीत घेईल, ‘शेतात द्या’ दुसरीत. आणि ‘शेतात’ गेरूने, दुप्पट जाड.